टायमिंग गेलेलं १५४१एस शिलाई मशीन घ्यावं का? आणि घेतलं तर दोन जिने वर चढवायचं कसं?

पिशवीवाली

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफ करा.

मी चामड्याच्या पिशव्या शिवते. नऊ वर्षं झाली, सगळं हाताने. मांडीत लाकडी चिमटा, टोच्याने एकेक भोक, दोन सुया, मेणाचा दोरा. एका मोठ्या पिशवीला साडेतीन-चार मीटर शिवण येते आणि माझा हात तासाला जेमतेम अर्धा मीटर चालतो. हौस फिटलेली नाही, पण उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वर्षभर ठणका आहे. रात्री कूस बदलताना उशी त्या हाताला लागली तरी जाग येते. म्हणून ठरवलंय की पिशवीचं अंग मशीनवर शिवायचं. मुठी, पट्टे आणि समोर दिसणारे कोपरे हाताने करायचे.

घरच्या शिलाई मशीनवर प्रयोग करून झाला. दोन पदर कसेबसे गेले. तिसऱ्या पदराला मशीनचा पट्टा घसरायला लागला. शिवण संपली तेव्हा वरचा पदर खालच्यापेक्षा बोटभर जास्त उरला होता आणि खालच्या अंगाला दात्यांची नक्षी उमटली होती. ते मशीन बिचारं झब्बे शिवायला जन्मलेलं, त्याला दोष देत नाही.

आता मुद्दा. एक छोटा कारखाना बंद होतोय. तिथे ताडपत्रीखाली जुकी डीएनयू-१५४१एस आहे, टेबल आणि मोटरीसकट. मालक म्हणतो, "टायमिंग गेलंय, खालचा दोरा उचलत नाही, म्हणून कमीत देतो. नेण्याचं तुमचं तुम्ही बघा." (टायमिंग म्हणजे सुई आणि खालून दोरा पकडणारा हुक यांचा मेळ.) कमीत म्हणजे खरोखरच कमीत. म्हणूनच धाकधूक वाटते.

माझं चामडं दीड ते दोन मिलिमीटरचं. बहुतेक शिवण दोन पदरी, पण बाजूची पट्टी तळाला मिळते तिथे चार पदर येतात, म्हणजे आठ मिलिमीटर. मी राहते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला दोन वळणं. उचलायला मी आणि माझा भाऊ. भावाची कंबर एकदा धरलेली आहे, त्यामुळे तो दीडच माणूस धरा.

घ्यावं का? तिथे गेल्यावर काय बघायचं? आणि हे धूड वर न्यायचं कसं?

उसवाउसवी

विकणारा स्वतःहून "टायमिंग गेलंय" म्हणतो तेव्हा मला पुढची भीती वाटते, की याहून मोठं काहीतरी तो सांगत नाहीये.

"इंडस्ट्रियल" या शब्दाला भुलू नका, हे माझं नेहमीचं पालुपद. शर्टाच्या कारखान्यातलं एकसुई मशीनही इंडस्ट्रियलच असतं. मिनिटाला पाच हजारांवर टाके घालतं आणि चार पदर चामडं दिलं की माना टाकतं. तुमचं त्यातलं नाही, एवढं बरं. तरी मी घेतलं नसतं. मी असंच एक "थोडंसं काम आहे" म्हणून घेतलं होतं. अजून आहे घरात. त्यावर कुंड्या ठेवल्यात.

जुनापाना

ताई, सगळ्यात आधी एक सांगा. मशीनवरच्या पाटीवर १५४१ नंतर ते अक्षर खरंच आहे, की मालक बोलला तसं तुम्ही लिहिलंत? १५४१ आणि १५४१एस ही भावंडं आहेत, पण एस असेल तर खालच्या अंगात सेफ्टी क्लच असतो. नुसत्या १५४१ मध्ये तो नसतो.

विचारतोय अशासाठी की "खालचा दोरा उचलत नाही" या वाक्यावर मी आयुष्यात बरीच मशीनं उघडली आहेत. त्यातली निम्मी तरी बिघडलेलीच नव्हती. होतं असं: दोऱ्याचा गुंता हुकात अडकतो. क्लच नसेल तर मोटर जोर लावते आणि हुकाचं टोक तरी जातं किंवा टायमिंग तरी सरकतं. क्लच असेल तर तो सुटतो आणि हुक जागच्या जागी थांबतो. वर सुई मात्र खालीवर करत राहते. बघणाऱ्याला वाटतं टायमिंग गेलं. खरं तर क्लच त्याचं काम करून बसलेला असतो, कोणीतरी परत जोडायची वाट बघत.

तिथे गेल्यावर मोटर सुरूच करू नका. बॉबिनवरची सरकती पट्टी उघडा आणि चाक हाताने फिरवा, वरची कड तुमच्याकडे येईल असं. सुई एकदा खाली जाऊन वर येते तेवढ्यात हुकाच्या दोन फेऱ्या व्हायला हव्यात. हुक ढिम्म असेल तर कारणं बहुधा दोनच. एक तर क्लच सुटलाय, नाहीतर आतला काळा दातेरी पट्टा तुटलाय. मुंडी, म्हणजे टेबलावरचं मुख्य मशीन, मागे कलंडवली की पट्टा दिसतो. तो शाबूत असेल तर हुकाभोवतीचा गुंता चिमट्याने पूर्ण काढा. मग बेडवरचं, म्हणजे मशीनच्या सपाट तळावरचं, छोटं बटण दाबून धरा आणि चाक उलट्या दिशेने जोर देऊन फिरवा. खट्ट आवाज आला की जोडलं गेलं. न येता नुसतं गरगर फिरत राहिलं तर मला लिहा, तिथे ठोकाठोकी करू नका.

हुक फिरत असेल आणि तरी दोरा उचलत नसेल, तर मग खरंच टायमिंग. तेही काही मरण नाही. सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर आली की हुकाचं टोक तिच्या पाठीमागे, भोकाच्या किंचित वर आलं पाहिजे. स्क्रू ढिले करून बसवता येतं. पण हुकाचं टोक नखाने चाचपून बघा. बोथट असेल किंवा खरखर लागली तर हुक बदलावा लागेल, आणि तो स्वस्त भाग नाही.

मुंडी कलंडवण्याआधी एक गोष्ट. टेबलाच्या मागच्या बाजूला एक लाकडी किंवा प्लास्टिकचा खुंटा असतो, मुंडी त्याच्यावर टेकते. जुन्या टेबलांवर तो हटकून हरवलेला असतो. मी उमेदवारीत असताना न बघता मुंडी मागे ढकलली. खुंटा नव्हता. ती सरळ पाठीवर गेली, बिजागऱ्यांतून निसटली आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेत सापडली. नख परत यायला पाच महिने लागले. उस्ताद आधी मशीनकडे धावले, मग माझ्याकडे.

आता घ्यायचं की नाही ठरवायला. चाक धरून वरखाली हलवा, कटकट लागते का बघा. सुईचा दांडा पुढेमागे हलवून बघा. किंचित झोल चालतो, डगडग नको. मग फूट, म्हणजे चामडं दाबणारे पाय, खाली करून चाक फिरवा आणि दोन्ही पायांकडे नीट बघा. आतला पाय सुईबरोबर खाली येतो आणि सुई, आतला पाय, खालचे दाते अशी तिघं मिळून चामडं मागे नेतात. तेवढ्यात बाहेरचा पाय उचललेला असतो. मग तो खाली टेकतो आणि ही तिघं पुढच्या टाक्याला परत येतात. तुमचा बोटभर पदर उरत होता तो या चालीत उरत नाही, कारण सुई सगळ्या पदरांतून आरपार असतानाच सगळे पदर एकदम सरकतात. नुसता वरचा पाय चालणाऱ्या मशीनलाही लोक "वॉकिंग फूट" म्हणतात. फरक सुईत बघायचा: ती पुढेमागे झुलते की एका जागी उभीच खालीवर होते.

तुमच्या कामाला हे मशीन पुरतं. टाका ९ मिलिमीटरपर्यंत जातो, गुडघ्याच्या दांडीने फूट १६ मिलिमीटर उचलतं. दोरा टेक्स १३५ सुखाने (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आकडा), टेक्स २१० म्हणजे त्याची शीव. त्यापुढचं जाड काम, घोड्याचं खोगीर, दहा-बारा मिलिमीटरचे पट्टे, त्याला ४४१ जातीचं मोठ्या बाहीचं मशीन लागतं. ते मिनिटाला ८०० टाके घालतं आणि वजनाने याचा थोरला भाऊ आहे. दुसऱ्या मजल्याच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक. कोणी तुम्हाला "त्यापेक्षा जुनी सिंगर २९के घे, चामड्याचीच आहे" म्हणेल. ती चांभारकामाची. लांब निमुळती बाही, फूट चहूकडे फिरतं, बुटाच्या आत जाऊन ठिगळ लावायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण चामडं वरून फुटाच्या दात्यांनी ओढते, त्याचे वळ उठतात, आणि बॉबिन एवढीशी की पिशवीची एक बाजू होईतो संपेल. नावातलं 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला. शोभेला हवी तर जरूर घ्या.

पिशवीवाली

काका, काल जाऊन आले.

पाटीवर एस आहे. धुळीखाली होता, थुंकी लावून पुसला.

माझ्या चामड्याच्या पट्ट्या, दोरा आणि नव्या १४० नंबरच्या सुया बरोबर नेल्या होत्या. सरकपट्टी उघडली तर आत बॉबिन दिसेना. तेलात भिजलेली लव इतकी दाबून बसली होती की मळलेल्या मातीसारखी चिमट्याने ढेकळं निघाली. त्याखाली काळ्या दोऱ्याचा गोळा, वाटाण्याएवढा, आणि त्यात तुटलेल्या सुईचं टोक. चाक फिरवलं. सुई गेली, आली. हुक हलला नाही.

खुंटा नव्हताच, तुम्ही म्हणालात तसा. भावाने मागून मुंडी तोलून धरली, मी मोबाईलचा दिवा घालून बघितलं. काळा पट्टा अखंड आहे, दातेही शाबूत.

मग बटण. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. तिसऱ्या वेळी भावाने चाकाला दोन्ही हात घातले आणि असा खट्ट आवाज आला की मला वाटलं मोडलंच. परत सरळ फिरवलं तर हुक सुईबरोबर गोल फिरायला लागला. मालक काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तीन वर्षं हे असंच झाकून ठेवलंय आम्ही."

मला अपराधी वाटलं, खरं सांगते. म्हटलं, आकडा बदलायचा असेल तर आत्ताच सांगा. तो म्हणाला, "तुम्ही काढलंत, तुम्हीच न्या," आणि आत जाऊन डबाभर बॉबिना आणि एक चपटा खुंटा घेऊन आला. खुंटा दुसऱ्याच मशीनचा आहे, पण बसतो.

चार पदर घालून हाताने चाक फिरवून दहा-बारा टाके घातले. सुई आत जाताना चाकाला जोर लागतो, पण थांबत नाही. टाका सरळ. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात. उलट चालवून बघितलं तर सुई आधीच्या भोकात पडत नाही, पाव-अर्धा मिलिमीटर बाजूला पडते. हुकाचं टोक नखाला गुळगुळीत लागलं. चाकाला कटकट नाही.

घेतलं. आता ते तिथे आणि मी इथे.

जुनापाना

उत्तम केलंत. ठिपके म्हणजे वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, कमी पडतंय. तीन वर्षं बसलेल्या मशीनच्या टेन्शनच्या तबकड्यांत मेण आणि धूळ असते, कापड घालून पुसा आणि मगच स्क्रू पिळा. उलटसुलट टाक्यातला फरक जुळवता येतो, घरी आणल्यावर बघू. आणि त्या गोळ्यातलं सुईचं टोक टाकू नका, उरलेलं कुठे आहे ते शोधा. हुकाच्या खाचेत तुकडा राहिला तर पुढच्या गुंत्याला निमंत्रण.

उचलण्याबद्दल थोडक्यात: ते एक मशीन नाही, तीन वस्तू आहेत. मुंडी, मोटर, टेबल. मुंडी छत्तीस-सदतीस किलो. क्लच मोटर (सतत फिरत राहणारी जुन्या पद्धतीची, तिचा क्लच वेगळा, हुकाचा नव्हे) असेल तर वीसच्या पुढे, अगदी छोटीशी दिसते पण उचलली की कळतं, नाकापेक्षा मोती जड. टेबल आणि लोखंडी पाय मिळून तीसेक. एकत्र उचलायला गेलात तर नव्वद किलो आणि तेही डोकं जड. वेगळं केलंत तर दीड माणसालाही जमेल.

दोनदोरे

इथे मला बोलायचा हक्क आहे, कारण मी ते एकत्र उचलायला गेले होते.

आमचं पाहुण्यांच्या गाडीतून आणलं. टेबलावर मुंडी तशीच, चहूबाजूंनी दोर बांधलेले, मी अभिमानाने फोटोही काढला. मुंडी बिजागऱ्यांवर नुसती टेकलेली असते हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच वळणाला दोर ताणले, टेबल झुकलं आणि मुंडी आपल्या खोबणीतून उठून चाकावर आदळली. चाकाचा दांडा किंचित वाकला. बघून कळत नाही, पण आजही चाक फिरताना डुलतं आणि प्रत्येक फेरीला पट्टा एकदा कुरकुरतो. शिवताना तो आवाज ऐकला की मला ते वळण आठवतं.

तेव्हा पिशवीवालीताई, मी नंतर शिकले ते असं.

सुटं करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः टेबलाखालून. पायडलपासून मोटरीपर्यंत जाणारी सळई, फूट उचलायची साखळी, गुडघ्याची दांडी, हे सगळं काढताना अगदी सोपं वाटतं आणि लावताना एक तुकडा हातात उरतो. सुई आणि बॉबिन काढा. फुटाखाली चामड्याचा जाड तुकडा ठेवून फूट खाली करा, म्हणजे धक्क्याने दाते फुटावर आपटणार नाहीत. टेबलाखालच्या ताटलीत तेल असतं, ते आधी उपसा. आम्ही विसरलो, जिन्याच्या पायऱ्या महिनाभर निसरड्या होत्या आणि शेजारीण अजून बोलत नाही.

मोटर सगळ्यात आधी काढा. ती टेबलाला तीन बोल्टांनी लटकते. खाली स्टूल आणि त्यावर जाड पुस्तकं रचून मोटरीला टेकू द्या, मगच नट सैल करा. खाली झोपून एका हाताने मोटर धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवणारा माणूस मी पाहिलाय. माझा नवराच तो.

मुंडी उचलताना एकाने उभ्या खांबाला मिठी मारायची आणि दुसऱ्याने सुईकडचं टोक, बेडच्या खालून. चाक, टेन्शनच्या तबकड्या, सुईचा दांडा, फूट उचलायचा खटका, यांना धरायचं नाही. हाताला तेच आधी सापडतात म्हणून सांगते. जास्त वजन खांबाच्या बाजूला आहे, तिथे धडधाकट माणूस हवा. म्हणजे तुम्ही, भाऊ नाही.

आणि खाली ठेवायचं कसं, हे उचलण्याआधी ठरवा. बेडच्या खाली हुक आणि दांडे लोंबतात, त्यामुळे सपाट फरशीवर ठेवलीत तर सगळं वजन त्यांच्यावर येतं. मी दोन जाड लाकडी ओंडके समांतर ठेवते, बेडच्या कडा त्यावर टेकतात आणि पोट मधे मोकळं राहतं. जुना टायरही चालतो.

जिन्यात: वर चढताना खालचा माणूस जास्त वजन घेतो. त्याच्या मागे, खालच्या पायरीवर कोणीही उभं राहायचं नाही, मदतीलासुद्धा नाही. सुटलं तर सुटू द्यायचं. मशीनला बोटं नसतात.

पिशवीवाली

दोनदोरे, शेवटची ओळ भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, ह्या बाईंना भेटायचंय.

काका, मोटरीचं काय करू? पाटी वाचली: क्लच मोटर, थ्री फेज, १४२५. घरी सिंगल फेज आहे.

जुनापाना

मग प्रश्नच मिटला. ती वर नेऊच नका. छोटी सर्वो मोटर घ्या, ५५० किंवा ७५० वॉटची, वजनाने चौथाई. क्लच मोटर दिवसभर गुरगुरत फिरत राहते आणि पायडल दाबलं की तुटून पडते. १४२५ फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ७५ मिलिमीटरची पुली आणि मशीनला १०० ची, तर हिशेब मांडा: मिनिटाला हजारावर टाके. शिकाऊ पायाला हे घोडं आवरत नाही. शिवाय बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ आपल्याच वेगाने फिरत असते. त्या वेळात पाय चुकून पायडलवर पडला आणि बोटं सुईखाली असली तर ती तुमची वाट बघत नाही. बंद केल्यावर पायडल दाबून तिचा उरलेला वेग संपवायचा आणि मगच हात घालायचा, ही सवय मला त्याच उस्तादांनी कानफटात मारून लावली.

सर्वो फक्त पाय दिला की फिरते आणि वेग ठरवून ठेवता येतो. अगदी सावकाश चालवताना जाड चामड्यावर तिचा दम कमी पडतो, तो एक दोष. मधे एक तीनास एक पुली बसवली की वेग तिसऱ्या हिश्शाला येतो आणि जोर तिप्पट होतो. आधी नुसती लावून बघा, पुढचं पुढे.

जोडताना चाकाची दिशा तपासा. वरची कड तुमच्याकडे आली पाहिजे. उलटं फिरलं तर मोटरीवर दिशा बदलायची सोय असते. आणि पहिले दोन दिवस शिवू नका. पाटीवर किंवा बेडवर लाल खुणा दिसतील तिथे मशीनचं पातळ पांढरं तेल द्या, रात्रभर मुरू द्या, हाताने फिरवा, पुन्हा द्या. स्वयंपाकघरातलं तेल देऊ नका, ते सुकून चिकट होतं आणि मग मला बोलवावं लागतं.

पिशवीवाली

आलं वर.

मुंडीसाठी आम्ही जुन्या बॅगांचे दोन रुंद पट्टे जोडून झोळी केली. खांबाला एक फास, सुईकडे एक. दर चार पायऱ्यांना थांबायचं, आणि प्रत्येक थांब्याला पायरीवर ओंडके आधीच ठेवलेले. ही कल्पना माझी नव्हे, वरच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलाची. तो पुढे पुढे पळत ओंडके मांडत होता. मी खाली, भाऊ वर. दुसऱ्या वळणावर माझा अंगठा बोलायला लागला, तेव्हा मुंडी कठड्याला न टेकवता तिथेच बसून राहिलो, दहा मिनिटं, झोळी मांडीवर घेऊन. छत्तीस किलो मांडीवर घेऊन बसल्यावर माणूस फार शांत होतो.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते टेबलाचं. चार फूट लांब, वीस इंच रुंद फळी, पाय जोडलेलेच. पहिल्याच वळणाला अशी अडकली की पुढेही जाईना आणि मागेही. शेवटी जिन्यातच उलटी करून चार बोल्ट काढले. दोनदोरे, तुम्ही हे लिहायला हवं होतं! एक बोल्ट गंजलेला, त्याला तासभर गेला, आणि तेवढा वेळ वरच्या मजल्याची सगळी माणसं आमच्या फळीखालून वाकून जात होती.

सर्वो बसवताना टेबल जमिनीवर उपडं घातलं आणि मोटर वरून ठेवून बोल्ट पिळले. लटकत्या मोटरीखाली झोपण्यापेक्षा हे फार बरं. काका, दोन दिवस तेल दिलं, नुसतं हाताने फिरवलं. पहिल्या दिवशी बेडच्या खालून चहाच्या रंगाचं तेल टपकलं, दुसऱ्या दिवशी पांढरं. सुईचा उरलेला तुकडा हुकाच्या खाचेत नव्हता, दात्यांच्या खालच्या मळात सापडला.

काल रात्री पहिली पिशवी. दोन पदर सहज गेले. कोपऱ्यातल्या चार पदरांवर मोटर घुटमळली, तिथे चाकाला हाताने मदत दिली आणि पुढे गेली. पाच मिलिमीटरचे टाके. एका बाजूची शिवण, जिला मला अडीच तास लागायचे, ती झाली तेव्हा चहा गरम होता. शेवटाला दोन्ही पदर एकाच ठिकाणी संपले. मी बोट फिरवून बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं.

उलट टाका अजून भोकात पडत नाही, काका. सध्या शिवणीच्या शेवटी दोऱ्याची टोकं मागे ओढून हाताने गाठ मारते. अंगठा तेवढ्याला नाही म्हणत नाही.

आणि ती थ्री फेजची क्लच मोटर खाली जिन्याखाली पडली आहे. कोणाला हवी असेल तर फुकट. उचलायला दोन माणसं घेऊन या.

जुनापाना

मुंडी कलंडवून टाक्याच्या लिव्हरपासून निघणाऱ्या दुव्यांचा फोटो टाका. आणि कोपऱ्यावर मोटर घुटमळते म्हणताय, तर ती तीनास एक पुली आता घ्याच.

उसवाउसवी

कुंड्या उतरवल्या. पाटी पुसली. एस नाही.

कुंड्या परत ठेवल्या.